डिक्कीची पट्टी आणि माझे दोन्ही अंगठे

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
मे महिन्याची अखेर

तीर्थस्वरूप कान्होजीराव दाजीसाहेब यांचे सेवेशी,
धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे महिपतचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडून हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. मध्यंतरी एका दुपारी हात जोडणंही कठीण झालं होतं. ते पुढे येईल.)

आपला गुडघा कसा आहे? आक्का फोनवर ‘बरा आहे’ म्हणते, पण तिला सगळंच बरं वाटतं (माझ्या लग्नातला बँडसुद्धा तिला बरा वाटला होता), तेव्हा आपणच खरं काय ते कळवावं. आक्काचं बीपी ताब्यात असेल आणि यंदाचं लोणचं तिने आपल्यापासून लपवून ठेवलं असेल, अशी आशा करतो. बडोद्याला ऊन आहे असं टीव्हीवर दाखवतात. आम्ही ग्वाल्हेरकर ते बघून हसतो. इथे सकाळी आठला पोर्चच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला की माणूस आपोआप नाचतो. बाकी मी आणि शालिनी खुशाल आहोत.

फोन सोडून पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. फोन केला की आक्का स्पीकर लावते आणि मग आपण, आक्का, भाजीवाली आणि कुकर असे चौघं माझ्याशी बोलता. घरच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे आमची लेक यशश्री आहे. आणि मुख्य म्हणजे या महिन्यात माझ्या हातून जे काम झालं आहे, ते अंगठा दाखवणाऱ्या चित्रावर भागवण्यासारखं नाही. आपण मला नेहमी सांगत आलात की महिपत, हत्याराला हात लावू नकोस, मिस्त्रीला बोलाव. दाजी, हे पत्र पूर्ण वाचा आणि मग तो सल्ला मागे घ्या.

यशश्रीची गाडी आपण पाहिली आहे. पांढरी, छोटी, मागे मोठी डिक्की असलेली. कॅप्टन झाल्यावर तिने ती स्वतःच्या कमाईतून घेतली आणि जबलपूरला तिच्या मेसमध्ये उभी करायला नीट जागा नाही म्हणून माझ्या स्वाधीन केली. आपल्याला ठाऊकच आहे, आमच्या घरात पणजोबांनंतर कुणी वर्दी घातली नव्हती. आजोबा तहसीलीत गेले, वडील शाळेत, मी पाटबंधारे खात्यात कालवे मोजत राहिलो. मग ही पोर उठली आणि फौजेत, तेही गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत अधिकारी झाली. डोंगराएवढे ट्रक तिच्या सहीने बाहेर पडतात. अशा मुलीने आपली गाडी बापाच्या हाती दिली, याचा अर्थ आपल्यासारख्या जाणत्या माणसाला सांगायला नको. मी ती रोज धुतो. शालिनी म्हणते की इतकी सेवा मी देवाची केली असती तर आतापर्यंत देवच आंघोळीला कंटाळून प्रसन्न झाला असता.

तर अशीच एक सकाळ. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून मी डिक्कीवर जोरदार फवारा मारत होतो, आणि नंबर प्लेटच्या वरची ती चमकदार पट्टी, हातभर लांब, एका टोकाने सुटली आणि अर्धी मिशी उडावी तशी लोंबू लागली. मी ती नीट तपासावी म्हणून जरा ओढली. ती पूर्णच हातात आली. यशश्री पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येणार होती. एखाद्या साध्या मुलीला कळलंही नसतं, पण ही गाडीच्या मागून चालत गेली तरी टायरमधली हवा सांगते.

सर्वांत आधी मी घरात होता तो गोंद वापरला. तो नाही का, चपलेपासून कपबशीपर्यंत सगळ्याला लावतात, क्षणात चिकटणारा. क्षणात चिकटतो यात खोट नाही. पट्टी मात्र गाडीला चिकटायच्या आधी माझ्या दोन्ही अंगठ्यांना चिकटली. आता नेमकी त्याच दुपारी शालिनीची भिशी आमच्याकडे होती. मी हातात ती हातभर पट्टी आडवी धरून दिवाणखान्यातून न्हाणीघराकडे निघालो, तर समोर आठ-दहा बायका. कुणी नमस्कार केला की परत करावा लागतो. मी पट्टीसकट केला. एका बाईंनी विचारलं की भाईसाहेब कुठे मिळाला हा, कारण त्यांना वाटलं की काही पुरस्कार आहे. मी नाही म्हटलं नाही. नंतर शालिनीने कोमट साबणाच्या पाण्यात माझे हात बुडवून आणि खोबरेल चोळून मला मोकळं केलं. (नेलपॉलिश काढायचं पाणी एका बाईंनी पर्समधून काढलं होतं, पण शालिनी म्हणाली की त्याने अंगठे सुटतील तसा पट्टीचा मुलामाही सुटेल. दाजी, अशी बायको मला आक्काने शोधून दिली, हे मी विसरलेलो नाही.) गाडीवर जिथे गोंद सांडला तिथे पांढुरकं सावट धरलं. शिवाय संध्याकाळी त्याच गोंदाने पुन्हा लावलेली पट्टी दुसऱ्या दिवशी डिक्की आपटताच टक्कन सुटली. काचेसारखा कडक होतो तो गोंद. धक्का बसला की तडकतो. हे मी लक्षात ठेवलं. पराभवातून शिकणं हे आमच्या घराण्यात आहे, कारण पराभव बरेच आहेत.

मग मी जयेंद्रगंजच्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानदाराने काउंटरवर नळ्या आणि डबे मांडले आणि प्रत्येकाविषयी एकच वाक्य म्हटलं, ‘‘साहब, इससे तो हाथी चिपका दो.’’ (हत्ती कशाला चिकटवायचा, हे मी विचारलं नाही. ग्राहक वाढत होते.) मी त्यातला बुटाच्या तळव्याला लावतात तो पिवळा गोंद निवडला. बूट वाकतो, आपटतो, तापतो, तरी तळवा राहतो, हा माझा विचार. विचार चुकीचा होता असं मी अजूनही म्हणणार नाही. संध्याकाळी पट्टी बसली, सकाळी बसलेली होती, आणि भर दुपारी मी शालिनीला डॉक्टरकडून घेऊन फूलबागेजवळ सिग्नलला थांबलो, तेव्हा डिक्कीचा पत्रा तव्यासारखा तापला होता. गोंद मऊ पडला आणि पट्टी सावकाश घसरत नंबर प्लेटवर येऊन आडवी झाली. मला काय माहीत? मागून ट्रॅफिकचा शिपाई आला, खिडकीत वाकला आणि अगदी अदबीने म्हणाला, ‘‘अंकलजी, नंबर ने घूँघट काहे काढ़ रखा है?’’ शालिनी हसायला लागली ती घरापर्यंत. मी त्या शिपायाला सांगितलं की ही गाडी एका फौजी अधिकाऱ्याची आहे. तो म्हणाला, तर मग त्यांनाच चालवू द्या.

आता माधवराव. आमच्या शेजारच्या बंगल्यात राहतात, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांचे पूर्वज दरबारात पुरोहित होते आणि आमचे घोड्यावर, त्यामुळे आमच्यात पिढ्यांपासून सल्ला त्यांचा आणि धडपड आमची. ते म्हणाले, महिपतराव, तुम्हाला एपॉक्सी हवं, दोन नळ्यांचं. एकीत एक द्रव्य, दुसरीत दुसरं, सारख्या मापात कालवायचं की दगड होतो. ते स्वतः घेऊन आले. शालिनीच्या माहेरच्या संचातली एक स्टीलची वाटी आम्ही घेतली (तिला न विचारता, कारण ती झोपली होती). माधवरावांनी दोन्ही द्रव्यं वाटीत पिळली, चमच्याने कालवायला सुरुवात केली आणि कालवता कालवता चिकटणे म्हणजे काय ते सांगू लागले. रेणू कसे हात धरतात, साखळ्या कशा गुंफतात, उष्णता कुठून येते. सुंदर सांगत होते. मी पट्टी धरून उभाच. बोलता बोलता त्यांनी चमचा उचलला तर वाटीही वर आली. एपॉक्सी वाटीतच पक्कं झालं होतं. माधवरावांनी चमच्याला लटकलेली वाटी हलवून बघितली आणि मग ते समाधानाने म्हणाले, ‘‘बघा, म्हटलं नव्हतं?’’ ती वाटी आणि चमचा आता एकच भांडं आहे. शालिनीने ते देव्हाऱ्याजवळ मांडून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

दाजी, इथवर वाचून आपण हसला असाल. आता हसू थांबवा, कारण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

मी हार मानली नाही. पहाटे ऊन चढायच्या आत स्टूल घेऊन गाडीच्या मागे बसलो आणि पहिल्यांदाच ती पट्टी उलटी करून, भिंग लावून बघितली. तिच्या पाठीवर काळा, स्पंजासारखा थर चिकटलेला होता. मी विचार केला, ज्यांनी गाडी बनवली ते काही वेडे नाहीत. त्यांना कडक गोंद माहीत नव्हता का? मग हा मऊ थर का? पट्टी प्लास्टिकची, डिक्की पत्र्याची. मी पट्टी सकाळी डिक्कीवरच्या जुन्या खुणेला लावून बघितली, नेमकी बसली. मग तीच दुपारी उन्हात तापू देऊन लावली, तर टोक केसभर बाहेर! तापलं की प्लास्टिक पत्र्यापेक्षा जास्त वाढतं. मधे कडक गोंद असेल तर तो ओढाताणीत तडकणार, पातळ गोंद असेल तर वितळणार. मधे असं काहीतरी हवं जे दोघांना धरून ठेवील आणि दोघांना हलूही देईल. आयुष्यभर कालव्यांचे सांधे भरले, तिथेही हेच होतं! मी उठून शालिनीला हाक मारली आणि हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, चहा गार होतोय.

मग मी गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. त्याने आधी भिंतीवर फोटो लावायचा पांढरा स्पंजवाला टेप पुढे केला. मी तो दोन बोटांत दाबून परत सरकवला आणि म्हटलं, हा नाही. गाडीच्या बाहेरच्या पट्टीचा, ऊन-पाणी सोसणारा काळा फोमवाला डबल टेप द्या. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, दाजी, ती नजर मला माझ्या नोकरीत कुणी दिली नव्हती. टेपबरोबर एक छोटी ओली पुडीही दिली. मला वाटलं हॉटेलात जेवणानंतर देतात तशी हात पुसायची. मी ती खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं मांडून बसतो न बसतो तोच फाटक वाजलं. यशश्री! एक दिवस आधीच आली होती, पाठीवर बॅग, स्टेशनवरून थेट. मी पट्टी पाठीमागे लपवली.

‘‘बाबा, पाठीमागे काय आहे?’’

‘‘काही नाही. पाठ आहे.’’

‘‘बाबा.’’

मी पट्टी पुढे केली. तिने बॅग खाली ठेवली, डिक्कीसमोर उकिडवी बसली आणि बोट फिरवायला लागली. ‘‘हे पांढरं काय?’’ पहिला प्रयोग, मी म्हटलं. ‘‘और ये पीला?’’ दुसरा. ‘‘बस दोनच?’’ तिसरा आईच्या वाटीत आहे. तिने ओठ घट्ट मिटले. रागाने की कशाने, मला कळेना. मग ज्या आवाजात ती तिच्या जवानांना विचारत असेल त्या आवाजात तिने विचारलं, ‘‘मग आता काय लावणार होता? आणि का?’’

मी उभा राहिलो. प्लास्टिक, पत्रा, ऊन, केसभर वाढ, काळा थर, सगळं सांगितलं. टेप दाखवला. ती ऐकत राहिली आणि मग हळूच उभी राहून म्हणाली, ‘‘एकदम सही, सर.’’ दाजी, तिने मला सर म्हटलं. मी ते आपल्याला पुन्हा लिहितो, कारण एकदा लिहून पुरत नाही. तिने मला सर म्हटलं. (मग विचारलं, ‘‘और प्राइमर कहाँ है?’’ मी खिशातली पुडी काढली. सुदैवाने त्या पुडीने मी अजून मान पुसली नव्हती. टेपने पकड घ्यावी म्हणून ते औषध आधी लावायचं असतं.)

मग आम्ही दोघांनी मिळून काम केलं. जाड नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढून पट्टीवरचा जुना थर काढला, उरलंसुरलं बोटाने चोळून काढलं. पांढरं सावट तिने पॉलिशने घालवलं. स्पिरिटने दोन्ही बाजू पुसल्या, पुडीतलं औषध लावून सुकू दिलं. पट्टी वाकडी बसू नये म्हणून आधी कागदी टेपची सरळ रेघ आखली, ही कल्पना माझी. मग टेपवरचा कागद सोलून पट्टी अलगद टेकवली, आणि ती म्हणाली की आता पूर्ण जोर लावून दाबायचं, हा टेप दाबाने धरतो. डावीकडे माझे दोन अंगठे, उजवीकडे तिचे. बाप-लेक गाडीच्या मागे वाकून उभे, जणू गाडी ढकलतोय.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘हात काढू नका. मला एक बोलायचंय.’’

तिने एका दमात सांगितलं. अंशुल नाव. आपल्यातला नाही, हिंदीवाला, घर इथेच थाटीपुरला, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त. तो जबलपूरला कॉलेजात शिकवतो. तिला त्याच्याशी लग्न करायचं आहे. मराठी शिकतोय, पण अजून ‘मी आला आहो’ असं म्हणतो.

खोटं कशाला बोलू, दाजी, मला आत खटकलं. पणजोबा आठवले, आपण सगळे आठवलात. एरवी मी आवाज चढवला असता, येरझारा घातल्या असत्या. पण दोन्ही अंगठे पट्टीवर. हातवारे करता येईनात, जागेवरून हलता येईना, आणि हात न हलवता मला नीट रागावता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. समोर बघावं तर डिक्कीच्या काचेत तिचा चेहरा. सीमेवर जाऊन आलेली मुलगी, आणि खालचा ओठ लहानपणी ताप यायचा तेव्हासारखा पुढे आलेला.

मी काचेकडे बघतच विचारलं, ‘‘त्याला गाडी चालवता येते का?’’

‘‘येते. पण माझी त्याला देत नाही.’’

‘‘मग मला कशी दिलीस?’’

‘‘तुम्ही बाबा आहात ना,’’ ती म्हणाली.

मी बराच वेळ दाबत राहिलो. एवढा वेळ दाबायची गरज नव्हती. मग म्हटलं, पट्टी सुटली तर मला दोष देऊ नकोस, आणि त्या पोराला परवा जेवायला बोलाव. ‘आला आहो’ चालेल, माणूस आला पाहिजे. कॅप्टनसाहेबांनी हातातल्या फडक्यानेच डोळे पुसले. ते स्पिरिटचं होतं. मग आम्ही दोघं नळाकडे धावलो, आणि शालिनी बाहेर आली तेव्हा यशश्री ओंजळी भरभरून डोळे धूत होती. शालिनीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, औषध उडालं.

पट्टीला पूर्ण दिवस हात लावू दिला नाही, डिक्की उघडू दिली नाही, पाणीही मारलं नाही (मला करमेना). मग तपासणी. भर दुपारी उरवाई दरवाज्याच्या बाजूने किल्ल्याची चढण चढवली, उतरवली, लश्कर भागातल्या सगळ्या गतिरोधकांवरून नेली. माधवरावांनी नखाने उचकटून बघितली, नख तुटलं. आज फाटकाशी उभा राहून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. लोक विचारतात की काय दाखवताय, काही दिसत नाही. तेच तर, मी म्हणतो!

आक्काला साष्टांग नमस्कार. आपला, आणि स्वतःवर सध्या फार खूश असलेला मेव्हणा,
महिपत

ता. क. आपल्याही गाडीची एखादी पट्टी हलत असेल तर कुणालाही हात लावू देऊ नका. मी टेप घेऊन येतो.

ता. क. २. किंवा आपणच ग्वाल्हेरला या. खरं तर त्यासाठीच हे पत्र. अंशुल जेवून गेला. शालिनीला मी सांगितलं की यशश्रीच्या ओळखीचा मुलगा आहे, बस. तिला पुढचं काही माहीत नाही. तिच्या मनात यशश्रीसाठी देवासचं एक घराणं घोळतंय, आणि माझं ती कधी ऐकत नाही. ऐकते फक्त आपलं. आपण येऊन तिची समजूत घालावी. मला धीर होत नाही. पणजोबांचं नाव मला सांगू नका, ते तलवारीचे होते.

ता. क. ३. दाजी, शालिनीचा नमस्कार. पत्र टाकायला ह्यांनी माझ्याचकडे दिलं, पाकीट उघडंच. अंशुल होळीला येऊन गेला, हे माधवरावांकडे होते तेव्हा. पुरणपोळी मागून घेतली पोराने. देवासचं घराणं मीच मुद्दाम काढलं होतं, ह्यांना संशय येऊ नये म्हणून. आम्ही दोघी घाबरत होतो ते ह्यांनाच, आणि तुम्हाला बोलावून ह्यांची समजूत घालायचं आमचंही ठरलं होतं. आता त्याची गरज नाही. तरी तुम्ही वन्संना घेऊन याच आणि ह्यांच्यासमोर मला समजवा. मी जेवणं होईपर्यंत नाही म्हणेन, मग ऐकेन. तेवढा वेळ हसू नका. तुम्ही हसलात तर मलाही आवरायचं नाही, आणि ह्यांची इतकी मोठी लढाई फुकट जाईल.